माहेरी झालेले जन्म

१९ फेब्रुवारी २०१७, मुऐदर

वल्लरीने आज ही डायरी आणून दिली. म्हणाली, "तुझे ते जननदर माझ्या कानाशी नकोत, इथे ओत." तिला चौथा महिना चालू आहे आणि सध्या तिला तीन गोष्टी सहन होत नाहीत: फोडणी, डिझेलचा वास आणि माझं बोलणं.

तर ओततो. दोन हजार बावीसच्या फुटबॉल विश्वचषकासाठी इथे कतारमध्ये स्टेडियम, मेट्रो, रस्ते असं सगळं एकदमच उगवलेलं आहे. आमच्या कंपनीला काम मिळालंय ते पुढचं. स्पर्धा संपल्यावर शाळेत जागा किती लागतील, बाळंतपणाच्या खाटा किती लागतील, ते सांगायचं. त्यासाठी इथल्या बायकांना मुलं किती होतात हे कळायला हवं. सोपा मार्ग म्हणजे हजार माणसांमागे जन्म किती ते बघायचं. पण इथल्या हजारांत बहुतेक सगळे एकटे पुरुष, कॅम्पात राहणारे. कामगारांचं एक विमान उतरलं की जन्मदर खाली येतो, कुठल्याही बाईने काहीही न करता. म्हणून आम्ही फक्त बायका मोजतो, वयाप्रमाणे, आणि त्यावरून एक काल्पनिक बाई तयार करतो. ती पंधराव्या वर्षापासून एकोणपन्नासाव्यापर्यंत याच वर्षीच्या दराने जगली, तर तिला मुलं किती होतील? दोनाच्या थोडं वर गेली तर देश टिकला. जपान, कोरिया, इटलीची बाई एक-दीडवरच थांबते. ही बाई कुठेच राहत नाही, पण तिच्यामुळे निम्म्या जगाची सरकारं हवालदिल झाली आहेत.

वल्लरीला हे सांगितलं तर म्हणाली, "बिचारीला डोहाळे तरी लागतात का रे?"

१३ मार्च

उत्तर टोकाच्या मदिनत अश शमाल गावाला जाऊन आलो, पाहणीच्या कामासाठी. गाडीवर किसन होता, आमच्या ऑफिसचा ड्रायव्हर, मूळचा पाटोद्याचा. बायको बबीता तिकडेच, तीन मुलं. दर दोन वर्षांनी सुट्टीवर जातो. रस्ताभर वाळू आणि तोच तो एफएम, म्हणून मी त्याला माझं काम समजावून सांगितलं.

"म्हंजी साहेब, मी हितं नुस्ता राहूनच जन्मदर खाली आनतो व्हय?"

"जुन्या पद्धतीने मोजलं तर, हो."

तो खूप हसला. "आन् तिकडं तर माझी तिन्ही लेकरं सुट्टीतलीच हायेत."  शमालच्या पाटीजवळ आपणहून म्हणाला, "मी फोन केला का धाकटी आईला हाक मारती, 'कतारचा फोन आलाय.' बाबाचा आलाय असं न्हाई म्हनत."

 पुढच्या पेट्रोलपंपावर दोघांनी चहा घेतला.

२ एप्रिल

आज शोध लागला. मोठा शब्द आहे, पण वापरतो.

आमच्या नमुन्यात भारतीय बायकांचा आकडा इतका खाली आला की जपानची बाई लेकुरवाळी वाटावी. डॉ. रुकैया आमच्या प्रमुख. कतारी, पाच मुलांची आई, दशांश चिन्हाच्याही पुढे जाऊन चूक शोधणारी बाई. त्यांनी चष्म्यावरून बघत मला विचारलं, "तुमच्या बायकांना झालंय तरी काय?" मी करिअर, महागाई, उशिरा लग्नं असलं काहीबाही सांगून वेळ मारून नेली. परदेशातल्या प्रत्येक अहवालात हेच लिहिलेलं असतं.

घरी आलो तर वल्लरी आईशी फोनवर. येवल्याला कधी यायचं, मधल्या खोलीत पलंग कुठे टाकायचा, डिंक आत्ताच आणून ठेवायचा की नंतर. मी बूट काढता काढता थबकलो. अरे, आमच्या बायका इथे बाळंत होतातच कुठे! पहिलं बाळंतपण माहेरी, जमलं तर दुसरंही. बाई इथे मोजली जाते, मूल जन्मतं येवल्यात, कोल्हापुरात, विजयवाड्यात. चार महिन्यांचं होऊन ते इथे येतं तेव्हा त्याची नोंद 'जन्म' म्हणून नाही, 'आगमन' म्हणून होते.

हे कुठल्या पुस्तकात शिकवत नाहीत. त्यासाठी सासूबाई लागतात. वल्लरीला मिठी मारली तर म्हणाली, "आधी बूट नीट ठेव."

९ एप्रिल

डॉ. रुकैया खूश. पद्धत ठरली: जी गरोदर बाई मायदेशी गेली, तिच्यामागे एक जन्म धरायचा. आकडा माणसांत आला.

तय्यबा म्हणून आमच्याकडे एक हैदराबादची मुलगी आहे, पाहणीचे फोन ती करते. ती म्हणाली, "सर, जितनी गईं, सबका एक एक बच्चा पकड़ना?" मी म्हटलं, "और किसलिए गई होंगी?" ती पेन चावत बसली. फोन करणाऱ्यांना सगळीकडे शंकाच दिसतात.

२१ मे

परवा खलिफा स्टेडियमचं उद्घाटन झालं. आमच्या गच्चीवरून रोषणाई दिसत होती. वल्लरी खुर्चीवर बसून बघत होती, पाय दुसऱ्या खुर्चीवर. पाय फार सुजलेत.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की रक्तदाब वाढलाय, लघवीतून प्रथिनं जातायत, विमानप्रवास नको, आमच्या नजरेखाली राहा. गाडीत बसल्यावर वल्लरी म्हणाली, "मग मी इथेच राहते, मिहीर. आईला बोलावू."

मी म्हटलं, अगं, आईंकडे पासपोर्ट नाही. जूनमध्ये इथे बाहेर पाय टाकवत नाही. घरात दुसरं कोण आहे करायला? तिकडे सगळी तयारी झालीय, पलंगसुद्धा हलवलाय.

"तू असशील ना इथे."

"मी ऑफिसात असेन."

 खरं सांगायचं तर मी घाबरलोय. आठ दिवसांचं बाळ आणि बाळंतीण, आणि घरात मी एकटा, ह्या विचारानेच मला घाम फुटतो. आणि काय वेगळं करतोय आपण? माझ्या आईचं, तिच्या आईचं, सगळ्यांची पहिली बाळंतपणं माहेरीच झाली. डॉक्टरांचं काय, ते सावधपणाच विकायला बसलेत.

२५ मे

अठ्ठावीस आठवड्यांपुढे विमान कंपनीला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. आधीच्या डॉक्टरीणबाई देणार नाहीत, म्हणून आज अल रय्यानमधल्या दुसऱ्या दवाखान्यात गेलो. आधी वल्लरीला गार खोलीत शांत आडवं पडायला लावलं, मग रक्तदाब मोजायला सांगितला. चांगला उतरला. चिठ्ठी मिळाली. मी पहिल्या दवाखान्याचा विषय काढला नाही आणि या डॉक्टरांनीही विचारलं नाही.

परतताना वल्लरी म्हणाली, "तुला कुठला आकडा खरा वाटतो? त्या दिवशीचा की आजचा?"

"दोन्हींची सरासरी."

ती हसली. म्हणजे तिचंही मन वळलंय. बाळाचे कपडे मात्र तिने धुऊन इथल्याच कपाटात लावलेत, बॅगेत एकही नाही. विसरली असेल म्हणून मीच चार झबली बॅगेत टाकली.

२७ मे

वल्लरी गेली. आज पहिला रोजा, रस्ते मोकळे होते. किसनने सोडलं. मुंबईला उतरल्याचा मेसेज आला, सासरे गाडी घेऊन आले होते. घर फार मोठं वाटतंय.

६ जून

सौदीने, दुबईवाल्यांनी सगळ्यांनी मिळून कतारशी संबंध तोडले. सीमा बंद, विमानं बंद. सुपरमार्केटमध्ये दुधाचे कप्पे रिकामे, एकेक माणूस दहा-दहा कोंबड्या घेऊन रांगेत. मीही गरज नसताना तांदळाची गोणी उचलली.

मुंबईचं थेट विमान चालू आहे, काळजी नाही. वल्लरीला तसं सांगितलं. म्हणाली, डोकं दुखतं सारखं. म्हटलं उन्हाळा आहे, ताक पी. जुलैअखेर मी येतोय, रजा मंजूर आहे. "लवकर नाही येता येणार?" म्हणाली. म्हटलं, या गोंधळात देशाबाहेर पडायच्या एक्झिट परमिटसाठी कुणाच्या मागे लागू, सांग.

२३ जून

सकाळी सासऱ्यांचा फोन. पहाटेपासून वल्लरीच्या डोळ्यांसमोर काजवे चमकत होते, दिसेनासं झालं. गावातल्या नर्सिंग होममध्ये नेलं. ताबडतोब सिझर करावं लागलं. वल्लरी वाचली. मुलगी होती. कमी दिवसांची, अगदी लहान. काचेची पेटी नाशिकला, गाडी बोलावली होती. गाडी येईपर्यंत राहिली नाही.

सासरे, श्रीपतीराव, एरवी मोठ्याने बोलणारा माणूस. आज त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. "मिहीरराव, डॉक्टर विचारतायत काय लिहायचं. जिवंत होती म्हटलं तर जन्माचा दाखला आला, मृत्यूचाही आला, नगरपालिकेत दोनदा जायचं, नाव सांगायचं. पोरीला कसं सांगायचं ते सगळं? मेलेलीच जन्मली म्हटलं तर तिथल्या तिथे मिटतं. तुमचं तर हेच काम. तुम्ही सांगा."

माझं तर हेच काम. एक श्वास, एक ठोका, हातापायाची एक हालचाल, एवढं असलं की तो जिवंत जन्म. हे मी दरवर्षी नव्या मुलांना फळ्यावर लिहून शिकवतो.

मी म्हटलं, "मेलेलीच जन्मली असं लिहा."

"बरं," म्हणाले. त्यांनाही सुटल्यासारखं झालं असावं. वल्लरीला झोपेचं इंजेक्शन दिलंय. उठल्यावर हेच सांगायचं ठरलं. आलीच नाही म्हटलं की दुःख कमी होतं, असं मला वाटलं. अजूनही वाटतंय. दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

२५ जून

ईद. ऑफिस बंद. एक्झिट परमिटवर ज्याने सही करायची तो माणूस सुट्टीवर, त्याचा फोन बंद. माझी मुलगी गेली आणि मला देशाबाहेर पडायला परवानगी नाही. किसन शेवया घेऊन आला, दारातच उभा राहिला. म्हणाला, "साहेब, रडा वाईच." मी रडलो.

२ जुलै, येवला

पोचलो. सगळं आवरलेलं होतं. दफन त्याच दिवशी केलं, कुठे ते मला सासऱ्यांनी लांबूनच दाखवलं.

वल्लरी त्याच मधल्या खोलीत आहे. सासूबाईंनी तिच्या छातीला घट्ट फडकं बांधलंय, दूध आटावं म्हणून. येणारी प्रत्येक बाई दारातच कुजबुजते, "मेलेलीच होती ना? बरं झालं, जीव लागायच्या आत." मी मान हलवतो.

वल्लरी माझ्याकडे बघत होती. मला वाटलं रडेल. तिने एवढंच विचारलं, "तुला काय सांगितलं सगळ्यांनी?"

"जन्मायच्या आधीच गेली होती म्हणून."

तिने डोळे मिटले. मी बराच वेळ तिचा हात धरून बसलो. धीराची आहे. मला वाटलं होतं त्याहून तिने हे नीट घेतलं.

२० ऑगस्ट, मुऐदर

वल्लरीला घेऊन आलो. कपाटातले कपडे मी आधीच बांधून माळ्यावर टाकले होते. तिने कपाट उघडलं, रिकामा कप्पा बघितला, माझ्याकडे बघितलं, बंद केलं. स्वयंपाक करते, संध्याकाळी कंपाउंडमध्ये चालते, शेजारच्या आसावरीशी चार शब्द बोलते. रडत नाही.

मी तिला म्हटलं, आमच्याकडे लांबणीवर पडलेला जन्म आणि गमावलेला जन्म वेगळे मोजतात. उशीर झाला म्हणजे संपलं असं नव्हे. डॉक्टरही म्हणतायत की वर्षभराने पुन्हा बघू.

ती म्हणाली, "हं."

सावरतेय. एकूण सावरतेय.

१७ सप्टेंबर

डॉ. रुकैयांनी माझं गृहीतक पकडलं. गेलेली प्रत्येक बाई मूल घेऊनच आली कशावरून? आलेल्या सगळ्या बायकांना फोन करा. मला त्यांनी केबिनमध्ये एकट्याला बोलावून दुःख व्यक्त केलं आणि मग तेवढ्याच हळू आवाजात म्हणाल्या की काम मात्र व्हायला हवं.

तय्यबाने फोन सुरू केलेत. काही जणी रिकाम्या हाताने परतल्यात. त्यांच्यासाठी डॉ. रुकैयांनी एक प्रश्न वाढवला: जन्मल्यावर बाळ रडलं का, हललं का, श्वास घेतला का? मला समजावत होत्या की लोक सोयीसाठी अशा बाळांना मृतजन्म म्हणून टाकतात, तुझ्या देशात, माझ्याही. मी ऐकून घेतलं. माझे कान तापले होते.

यादीत आमचंही घर आहे. आमची माहिती मीच भरली. जन्म: शून्य. तय्यबाला सांगितलं, माझ्या घरी फोन करायचा नाही. ती म्हणाली, "जी सर." बिचारीच्या डोळ्यांत पाणी होतं.

८ ऑक्टोबर

काल शनिवार. मी घरीच होतो. जेवणं झाल्यावर वल्लरी म्हणाली, "आसावरीला तुमच्या ऑफिसातून फोन आला होता. बाळंतपणाचं विचारत होते. मला का नाही आला?"

मी म्हटलं, तुला त्रास नको म्हणून.

"नंबर दे."

"वल्लरी, राहू दे ना."

"आसावरीकडून घेतलाय मी." तिने फोन टेबलावर ठेवला, स्पीकर लावला. तय्यबा सुट्टीच्या दिवशीही फोनवर होती. वल्लरीने नाव सांगितलं, पत्ता सांगितला, म्हणाली, "मेरे से भी पूछो, जो सबसे पूछते हो."

तय्यबा अडखळली. "मैडम, आपका तो सर ने भर दिया है."

"पूछो तुम."

एकेक प्रश्न झाला. वय, लग्नाचं वर्ष, किती आठवडे. मी उठून खिडकीपाशी गेलो, परत आलो, बसलो. मग तय्यबाने तो प्रश्न वाचला, फार हळू.

"पैदा होने के बाद बच्चा रोया, या हिला, या साँस ली?"

"रोई," वल्लरी म्हणाली. "छोटी सी आवाज़ थी, पर रोई. नर्स ने मेरे मुँह के पास पकड़ा था. उसका हाथ मेरे गाल को लगा. फिर गाड़ी की राह देखते रहे. कुछ देर साँस चलती रही."

 मग तय्यबा म्हणाली, "मैडम, लेकिन सर ने लिखा है..."

"सर वहाँ नहीं थे."

फोन बंद झाल्यावर ती माझ्यासमोर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मला कमरेखालीच बधिर केलं होतं, मिहीर. मी जागी होते. इंजेक्शन नंतर दिलं. बाबा दारात उभं राहून तुझ्याशी बोलत होते, ते सगळं मी ऐकलं. तुझा आवाज नाही आला, पण बाबा 'बरं' म्हणाले आणि आत येऊन डॉक्टरांना म्हणाले, जावई सांगतायत तसं लिहा."

"मला वाटलं, तुला कमी त्रास..."

"तू आलास तेव्हा मी तुला विचारलं. एवढ्यासाठीच विचारलं. म्हटलं, बाकीचे सगळे खोटं बोलतायत, तू नाही बोलणार. तू मला डोळ्यांत बघून सांगितलंस. मग तीन महिने वाट बघितली, कधीतरी सांगशील. तू मला लांबणीवर पडलेले जन्म समजावत बसलास."

मी तिचे पाय धरायला वाकलो. तिने पाय मागे घेतले.

"मला इथेच राहायचं होतं, ते एक तू ऐकलं नाहीस. त्याचं मी स्वतःला समजावलं असतं, मीही तिकिटाला नाही म्हटलं नाही. पण ती आली होती रे. तू तिला आलीच नव्हती करून टाकलंस. आणि तुला तर माहीत होतं."

 मला लाज वाटली, आणि त्या लाजेपेक्षाही मोठी भीती वाटली, की हिच्याशिवाय आता मला कुणी नाही आणि ही इथे नाही.

आज ऑफिसात गेल्या गेल्या तय्यबाने विचारलं, "सर, क्या रखूँ?" मी म्हटलं, "जो मैडम ने बोला." तिने माझ्यासमोर दुरुस्ती केली. जन्म एक, मृत्यू एक. मग सगळी गणितं पुन्हा चालवली. काल्पनिक बाईचा आकडा होता तिथेच राहिला. डॉ. रुकैयांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, घरी जा.

घरी आलो तर वल्लरी बॅग भरत होती. माळ्यावरचं गाठोडं तिने शिडी लावून खाली काढलं होतं. येवल्याला जातेय म्हणाली. तिथल्या डॉक्टरांशी तिचं बोलणं झालंय, त्या खरं सांगायला तयार आहेत. उशिरा का होईना, जन्माची नोंद करता येते.

"मीही येतो."

"नको. नाव मी ठरवलंय, तू नको येऊस."

नाव काय ते मी विचारलं. तिने सांगितलं नाही.